इतिहासाच्या पदवीधराला एक तरी अस्सल कागद वाचता यावा

प्रति,
मुंबईतल्या विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या इतिहास अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य

विषय : बी.ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमात मूळ साधनांचं वाचन सक्तीचं करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

एकतीस वर्षं पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवून दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. तुमच्यापैकी काहींच्या शेजारी बसून मी कॅप सेंटरला उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, काहींना तर वर्गात शिकवलंही आहे. तेव्हा हे पत्र घरातल्याच माणसाचं समजून वाचावं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

२००६ च्या सुमारास टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिचं गाव राजापूर तालुक्यात. आजी वारली तेव्हा ट्रंकेत सापडलेला एक कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. घडीवर फाटलेला, तपकिरी पडलेला, मोडीत लिहिलेला. "मॅडम, ह्यात काय लिहिलंय?" तिने विचारलं. मी तो कागद हातात धरून उभी होते आणि मला त्यातला एक शब्द लागत नव्हता. एम.ए.ला पहिला वर्ग होता, मराठ्यांचा इतिहास मी बारा वर्षं शिकवत होते, सरंजाम, चौथाई, सरदेशमुखी हे शब्द रोज माझ्या तोंडी होते. पण ज्या लिपीत ते शब्द लिहिले गेले ती लिपी मला येत नव्हती. माझ्या पदवीच्या आणि पदव्युत्तर अशा पाच वर्षांत मला ती कुणी शिकवली नव्हती, आणि मीही ती कुणाला शिकवली नव्हती.

मी कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली आणि दादरला शनिवार-रविवारच्या मोडी वर्गाला नाव घातलं. ज्यांनी मोडी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत, शक्यतो हात न उचलता पुढे जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नाही. शब्द तोडायची पद्धत नाही, तेव्हा कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. पहिले दोन महिने डोळे दुखतात. मग एके दिवशी एखादी ओळ अचानक बोलायला लागते.

तो कागद मला लागायला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर ती मुलगी पदवी घेऊन ठाण्यात एका दुकानात हिशेबाला लागली होती. मी तिला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघींनी कागद समोर ठेवून वाचला. ते गहाणखत होतं. शके १८१९, हेमलंबी नाम संवत्सरे, म्हणजे १८९७-९८. तिच्या पणजोबांच्या वडिलांनी आंब्याची चार झाडं आणि भाताचं एक खाचर साठ रुपयांना गहाण टाकलं होतं. खाली दोन साक्षीदार आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : "पण त्यांनी जमीन गहाण का टाकली?" ते कागदात नव्हतं. मग ती स्वतःच बोलायला लागली. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, लाखो माणसं शहर सोडून पळाली, त्यातली कितीतरी कोकणात गेली, हे तिने माझ्याच तासाला लिहून घेतलं होतं. त्याच सुमाराला दुष्काळही होता. पणजोबांचे वडील मुंबईहून परतलेल्यांपैकी होते का? की मुंबईला जाण्यासाठीच पैसे हवे होते? जन्म-मृत्यूच्या नोंदी कुठे मिळतील? सावकाराचं घराणं अजून गावात आहे का?

माझ्या एकतीस वर्षांतला इतिहासाचा सगळ्यात चांगला तास तो होता, आणि तो झाला तेव्हा मुलीची पदवी उरकून गेलेली होती. ती माझ्या वर्गात तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत तिने टीपा लिहिल्या. "टीपा लिहा : वंगभंग चळवळ. टीपा लिहा : रयतवारी पद्धत." तिने त्या चांगल्या लिहिल्या, तिला साठ टक्क्यांच्या वर गुण होते. उत्तरपत्रिका तपासताना एकाच गठ्ठ्यात तीस-तीस मुलांनी वंगभंगावर तेच वाक्य त्याच शब्दांत लिहिलेलं मी वाचलं आहे, तुम्हीही वाचलं आहे. ते वाक्य गाईडमधलं असतं. गाईड लिहिणाऱ्याने ते दुसऱ्या पुस्तकातून घेतलेलं असतं. मुलांना मी दोष देत नाही. आपण त्यांना जे विचारतो तेच ती लिहितात.

आणि हे सगळं कुठे चाललं आहे ते पाहा. विज्ञान शाखेचं मूल पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत जातं, भूगोलाचं मूल नकाशे काढतं, सर्वेक्षणाला जातं. आपल्या मुलांची प्रयोगशाळा फोर्टात अर्ध्या तासाच्या चालीत पसरलेली आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार आहे. १८२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचं रेकॉर्ड ऑफिस म्हणून सुरू झालं. कंपनी सरकारच्या कारकुनांनी हाताने लिहिलेली सतराव्या शतकापासूनची पत्रं तिथे आहेत. तिथून टाउन हॉलच्या पायऱ्यांपर्यंत चालत जावं, तिथे एशियाटिक सोसायटी आहे. उलट दिशेला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. धोबीतलावला सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी १९२६ मध्ये उभी केलेली इतिहास संशोधनाची संस्था आहे. विरार लोकलने येणारं मूल रोज नालासोपारा स्टेशन मागे टाकून येतं, आणि तिथल्या दगडावर सम्राट अशोकाचे शब्द कोरलेले होते हे त्याला माहीत नसतं. माहीत असलंच तर पुस्तकातल्या एका ओळीपुरतं, पाहिलेलं नसतं. बोरिवलीची मुलं कान्हेरीला सहलीला जातात, फोटो काढतात. तिथल्या भिंतींवर ब्राह्मीत दानलेख आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदवून दिल्याची नोंद त्यात आहे. कल्याणहून कॉलेजला येणाऱ्या मुलाला हा लेख अक्षर-अक्षर लावून वाचता आला तर त्याचं काय होईल, याची कल्पना करा. ब्राह्मीची मुळाक्षरं आठवड्याभरात येतात, हे मी करून पाहिलं आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, जहाजांची लढाई कोरलेली आहे, त्यांच्याविषयी एक शब्द न ऐकता आमची मुलं तिथल्या रस्त्यांनी क्लासला जातात.

आपल्या पूर्वसुरींनी असं केलं नव्हतं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास शिलालेख आणि ताम्रपट वाचून लिहिला. रानड्यांनी १९०० मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला तो सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशींवर. रोजनिशीत लढायांपेक्षा जास्त काय सापडतं, तर जकात, टाकसाळी, तुरुंग, दारूबंदी, विधवांचे तंटे, गावच्या विहिरींचे खर्च. रानड्यांनी हा सगळा कारभार त्या नोंदींतून बाहेर काढला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा केली. या माणसांची नावं आपल्या अभ्यासक्रमात आहेत. 'इतिहासलेखन' या घटकात त्यांच्यावर टीप येते. ती माणसं जे करत होती ते मात्र अभ्यासक्रमात नाही.

आता एक घरची गोष्ट सांगते. इतक्या वर्षांत ती मी वर्गातही कधी सांगितली नाही.

माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस मेंबर दोन पंगतींत जेवायचे. सगळे गिरणीतले, बहुतेक सातारा-सांगलीकडचे आणि कोकणातले. आईची एक लांबट वही होती. प्रत्येक मेंबराचं नाव, गाव, गिरणी, पाळी, महिन्याचे खाडे, पगाराच्या दिवशी दिलेले पैसे आणि राहिलेली बाकी. ती फक्त चौथी शिकलेली, पण वही चोख. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतरच्या पानांवर बाकीचा आकडा दर महिन्याला चढत गेला आणि मार्च-एप्रिलपासून एकेका नावापुढे आईने "गावी" असं लिहायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत पाच-सहाच नावं उरली होती. बाकी वसूल करायला ती कुणाच्या मागे लागली नाही.

त्याच जूनमध्ये मी एफ.वाय.ला प्रवेश घेतला. विषय इतिहास. संप तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर विझत गेला. तो औपचारिकपणे कुणी मागे घेतलाच नाही. त्या तीन वर्षांत मी फ्रेंच राज्यक्रांती शिकले, औद्योगिक क्रांती शिकले, मँचेस्टरच्या गिरण्यांतल्या कामगारांचे हाल शिकले. वर्गात बसून गिरणीचा भोंगा ऐकू यायचा बंद झाला होता, आणि त्यावर आम्ही बोललो नाही. माझे शिक्षक चांगले होते, तळमळीने शिकवायचे. पण "तुझ्या घरी जे आहे ते इतिहासाचं साधन आहे, ते जपून ठेव, त्याची नक्कल कर" असं सांगायचं शिक्षण त्यांनाही मिळालेलं नव्हतं. १९९४ मध्ये आम्ही खोली विकून डोंबिवलीला आलो तेव्हा ती वही रद्दीत गेली. मी स्वतः बांधून दिली. तेव्हा मी इतिहासाची अधिव्याख्याती होते.

संपाबद्दल पुस्तकं लिहिली गेली आहेत, कामगार चळवळीचे अभ्यास झाले आहेत. पण लालबागच्या एका खाणावळीत कोणत्या महिन्यात कोणत्या गावचा माणूस जेवायचा थांबला, हे आता कुठेच नाही. परळ, काळाचौकी, डिलाईल रोडला अशा शेकडो खाणावळी होत्या. अजूनही कुणाच्या घरी वह्या असतील. त्या वेळचे कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची नातवंडं आज आपल्या वर्गात बसली आहेत, आणि आपण त्यांना टीपा देतो आहोत.

मंडळातल्या मित्रांनो, आता नेमकं काय हवं ते सांगते.

नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट आहेत, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. त्यातली चार क्रेडिट मागते आहे. दुसऱ्या वर्षी, इतिहास हा मुख्य विषय घेणाऱ्या प्रत्येकाला, साधनवाचनाचा एक सक्तीचा पेपर असावा. त्यात मोडी, ब्राह्मी, फारसी, पोर्तुगीज, जुनी गुजराती किंवा एकोणिसाव्या शतकातलं हस्तलिखित इंग्रजी, यांपैकी एक मुलाने निवडावं आणि सेमिस्टरच्या अखेरीस कधी न पाहिलेला कागद समोर ठेवून तो वाचून दाखवावा. हस्तलिखित इंग्रजी मुद्दाम लिहिलं आहे. इंग्रजी माध्यमातली मुलंही कंपनीच्या कारकुनाचं वळणदार अक्षर पाहून माझ्याइतकीच हतबल होतात. पोर्तुगीज अशासाठी की, वसई, साष्टी आणि मुंबई बेटाची त्या काळची कहाणी त्या भाषेशिवाय दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकावी लागते. गुजरातीत तर १८२२ पासून 'मुंबई समाचार' निघतो आहे. मुंबईत राहून गुजराती वाचणारी मुलं प्रत्येक वर्गात चार-पाच तरी असतात. त्यांना आजवर कुणी सांगितलं का, की तुमच्याकडे या शहराच्या इतिहासाची एक किल्ली आहे?

मोडीचे दहा दिवसांचे प्रमाणपत्र वर्ग हा याला पर्याय नव्हे, हेही नोंदवते. हौशी मुलं ते करतात आणि चांगलं करतात. पण ऐच्छिक म्हटलं की ज्याला घरून पाठबळ आहे तोच जातो. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाला सक्तीच्या तासालाच ते मिळू शकतं.

दुसरी मागणी फील्ड प्रोजेक्टची. तो रचनेत आहेच, नव्याने काही घालायचं नाही. पण आज तो कसा होतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेटवरून रायगडाची माहिती उतरवायची, चार रंगीत चित्रं, स्पायरल बाइंडिंग. नियम एवढाच करा की प्रोजेक्टमध्ये एक अप्रकाशित साधन असलंच पाहिजे आणि त्याची नक्कल जोडलेली असली पाहिजे. गहाणखत, खाणावळीची वही, चाळीच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचं इतिवृत्त, आजोबांचं गिरणीचं तिकीट, भीमजयंतीच्या मंडळाचा जमाखर्च, कोळीवाड्यातल्या जमातीचे कागद, किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाची ध्वनिमुद्रित मुलाखत. यात खोटेपणा करायला जागा उरत नाही. शिवाय कॉलेजच्या ग्रंथालयात दहा वर्षांत असा संग्रह जमेल की संशोधक तो पाहायला येतील.

तिसरी मागणी परीक्षेची. शेवटच्या सेमिस्टरच्या प्रश्नपत्रिकेत एक उतारा द्या. पेशवेकालीन पत्र असेल, प्लेगच्या काळातली वर्तमानपत्री बातमी असेल. खाली विचारा : हे कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिलं असावं? यात काय सांगितलेलं नाही? एक कालगणनेचाही प्रश्न असू द्या. "इहिदे सितैन मया व अलफ" अशी, जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनाची अरबी शब्दांतली नोंद पत्रावर दिसली तर एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१, आणि त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की पानिपताचं वर्ष लागतं. मुलांना हे कोड्यासारखं आवडतं. पाठ करून येणाऱ्या मुलांचं नुकसान होईल असं म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. पाठांतरात मागे पडणारी, मराठी माध्यमातून आलेली मुलं असा उतारा दिला की बोलायला लागतात. संदर्भग्रंथांची यादी निम्म्याहून अधिक इंग्रजी, त्यामुळे एरवी ती तीन वर्षं खाली मान घालून बसलेली असतात. आजीच्या ट्रंकेतला कागद त्यांच्या भाषेत असतो.

हे न करता आपण चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' सुरू करणार असू, तर मला भीती वाटते. तीन वर्षं ज्याने एकही अस्सल कागद पाहिला नाही त्याने चौथ्या वर्षी संशोधन कशाचं करायचं? तो दहा पुस्तकांतून अकरावं तयार करेल.

शिकवणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. कॉलेजांत पूर्णवेळ जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरची मुलं-मुली दोन-तीन कॉलेजांत धावत तास घेतात, त्यांच्यावर आणखी ओझं टाकणं अन्याय होईल. पण पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. तिथे तयार झालेल्यांना तासाचं मानधन देऊन बोलावता येईल. चार-पाच कॉलेजांनी मिळून एक शिक्षक नेमावा.

पोटापाण्याचंही बोलते, कारण पालक तेच विचारतात. २०२३ च्या शेवटच्या महिन्यांत न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि त्या नोंदींचा मोठा भाग मोडीत होता. तेव्हा सरकारी कचेऱ्या मोडी वाचणाऱ्यांच्या शोधात होत्या. निवृत्त, सत्तरी ओलांडलेली माणसं बोलावून आणली गेली. मराठा आरक्षणाच्या त्या वादात कोणाची बाजू खरी हा वेगळा विषय. मला एवढंच दिसलं की दर वर्षी इतिहासाचे पदवीधर बाहेर पडत असलेल्या राज्यात, लाखो माणसांच्या हक्कांचा निकाल ज्या कागदांवर लागणार होता ते कागद वाचायला आमचे पदवीधर उपयोगी पडले नाहीत. जमिनीचे दावे, देवस्थानांची इनामं, भूमी अभिलेखातल्या जुन्या नोंदी, यांसाठी वकील आजही मोडी वाचक शोधत असतात.

पुराभिलेखागारात पदवीच्या मुलांना सहज प्रवेश मिळावा, यासाठी मात्र मंडळांनी पुढाकार घ्यावा लागेल. एकेका मुलाने पत्र घेऊन जाण्यापेक्षा कॉलेजांनी संचालनालयाशी करार करावा, महिन्यातला एक शनिवार पदवीच्या वर्गांसाठी राखून घ्यावा. एका वेळी पंधरा मुलं, सोबत शिक्षक. कागद कसा धरायचा, पान कसं उलटायचं, दप्तर गुंडाळलेला रुमाल सोडून पुन्हा कसा बांधायचा, इथपासून सुरुवात.

ती राजापूरची मुलगी आज चाळिशीकडे आली आहे. तिने मूळ गहाणखत काचेत घालून घरात लावलं आहे आणि मागच्या वर्षी तिच्या लेकाने अकरावीला इतिहास घेतला. बारावी झाली की तो तुमच्यापैकी कुणाच्या तरी कॉलेजात एफ.वाय.ला येईल.

मी मोडी शिकवू शकते. ब्राह्मीची तोंडओळख करून देऊ शकते. मंगळवार आणि गुरुवार मोकळी असते, डोंबिवलीहून दादरपर्यंत किंवा फोर्टापर्यंत येण्याची माझी तयारी आहे, मानधन नको. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा आणि सरावासाठी अक्षर लावलेल्या चाळीसेक कागदांच्या प्रती माझ्याकडे तयार आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलावलंत तर घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका